माणसाचा जंत, डुकराचा जंत: एक जात की दोन? वर्गीकरणाच्या एका वादाचे प्रकरण

माणसाच्या लहान आतड्यातला मोठा गोल जंत आणि डुकराच्या लहान आतड्यातला मोठा गोल जंत शेजारी शेजारी ठेवले, तर कोणता कोणाच्या पोटातून आला हे मुरलेल्या परजीवीतज्ज्ञालाही नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. दोन्हींचा रंग पांढुरका गुलाबी, मादीची लांबी साधारण २० ते ३५ सेंटिमीटर, नर तिच्याहून लहान आणि शेपटीकडे आकड्यासारखा वळलेला, तोंडाभोवती तीन ओठ, आणि अंड्यांवर तेच खडबडीत तपकिरी कवच. एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते, हेही दोन्हीकडे सारखेच. तरीही जीवशास्त्राच्या पुस्तकांत यांना दोन नावे आहेत: माणसातला तो ॲस्कॅरिस लुम्ब्रिकॉइडिस, डुकरातला तो ॲस्कॅरिस सुउम. पहिले नाव लिनियसने १७५८ मध्ये दिले. दुसरे दिले ते १७८२ मध्ये योहान ऑगस्ट एफ्राइम ग्योत्से या जर्मन धर्मोपदेशकाने, ज्याने क्वेडलिनबुर्ग गावी राहून प्राण्यांच्या पोटातील कृमींचा मोठा अभ्यास केला होता.

या दोन नावांमागे खरोखर दोन जाती आहेत का, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. तो केवळ संग्रहालयातल्या चिठ्ठ्यांपुरता नाही. जात एकच असेल, किंवा दोन असूनही त्यांच्यात ये-जा असेल, तर गावातल्या मुलांना जंताची गोळी दिल्यावरही गावातली डुकरे जमिनीत अंडी टाकत राहतील आणि मुलांना पुन्हा लागण होत राहील. जाती पक्क्या वेगळ्या असतील, तर डुकरांकडे लक्ष देण्यावर झालेला खर्च वाया जाईल. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या प्रश्नावर जो पुरावा जमा झाला, तो पाहता माझे मत असे झाले आहे की ‘एक की दोन’ या प्रश्नाचे सगळ्या जगासाठी एकच उत्तर मागणे हीच या वादातली अडचण आहे. उत्तर ठिकाणाप्रमाणे बदलते, आणि ते का बदलते हे समजून घेणे जास्त मोलाचे आहे.

कुळातली जागा

सूत्रकृमींच्या, म्हणजे ॲस्कॅरिससारख्या गोल कृमींच्या, संघात परजीवी वृत्ती एकदाच नव्हे, तर अनेकदा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली. १९९८ मध्ये मार्क ब्लॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी पेशीत प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमच्या जनुकाच्या आधारे सूत्रकृमींची जी वंशावळ मांडली, तिच्यात पाच मोठ्या शाखा दिसल्या. त्यांतल्या तिसऱ्या शाखेत ॲस्कॅरिस, लहान मुलांना होणारे सुतासारखे बारीक जंत, आणि हत्तीरोगाचे कृमी असे वरकरणी एकमेकांशी काही नाते नसलेले प्राणी एकत्र आले. या शाखेतले सगळेच परजीवी आहेत. हुककृमी, म्हणजे रक्त पिणारे आतड्यातले कृमी, मात्र पाचव्या शाखेत मोडतात, आणि चाबूककृमी तर त्याहून दूर, पहिल्या शाखेत. सस्तन प्राण्याच्या एकाच आतड्यात शेजारी राहणारे हे तीन जंत नात्याने इतके लांबचे आहेत, हे मुद्दाम लक्षात ठेवावे, कारण चाबूककृमीचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

ॲस्कॅरिसच्या जवळच्या नातेवाइकांत घोड्यातला पॅरॅस्कॅरिस, अस्वल, पांडा आणि रॅकून यांच्यातला बेलिसॅस्कॅरिस, कुत्र्या-मांजरांतला टॉक्सॅस्कॅरिस यांचा समावेश होतो. थोडे लांबचे म्हणजे टॉक्सोकारा. त्यातली एक जाती कुत्र्यात, एक मांजरात आणि एक गाई-म्हशींच्या वासरा-रेडकांत आढळते. रेडकाला हा जंत आईच्या दुधातून लागतो, आणि म्हणूनच जनावरांचे डॉक्टर रेडकू काही दिवसांचे असतानाच जंतनाशक पाजायला सांगतात.

घोड्यातल्या पॅरॅस्कॅरिसचे उदाहरण आपल्या प्रश्नाला थेट भिडते. तिथेही बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन जाती मानल्या जातात, पण त्या गुणसूत्रांवरून निर्विवाद ओळखता येतात: एकीच्या बीजपेशीच्या पूर्वपेशीत गुणसूत्रांची एकच जोडी असते, दुसरीत दोन. गुणसूत्रे इतकी कमी आणि इतकी मोठी असल्यामुळेच एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एदुआर व्हान बेनेडेन आणि थिओडोर बोव्हेरी यांनी याच घोड्याच्या जंतावर काम करून अर्धसूत्री विभाजनाचा पाया घातला. शरीराच्या पेशी घडताना गुणसूत्रांचा काही भाग कायमचा टाकून दिला जातो, हेही बोव्हेरीने याच जंतात पाहिले. डुकराच्या ॲस्कॅरिसमध्येही ही क्रिया घडते आणि त्यात डीएनएचा सुमारे १३ टक्के भाग गळून जातो. जनुकशास्त्राचे किती मोठे धडे या तुच्छ समजल्या जाणाऱ्या प्राण्याने दिले आहेत, याची नोंद आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत यायला हवी. माणसाच्या आणि डुकराच्या ॲस्कॅरिसमध्ये मात्र गुणसूत्रांच्या संख्येचा असा कोणताही फरक हाती लागत नाही. निवाडा करायला त्याहून बारीक साधने लागतात.

शरीरातला लांबचा प्रवास

या जंताचे जीवनचक्र विचित्र वाटावे असे आहे. विष्ठेबरोबर बाहेर पडलेले अंडे ताजे असताना लागण करू शकत नाही. उबदार, ओलसर मातीत दोन-तीन आठवडे राहिल्यावर त्यात अळी तयार होते. असे अंडे अन्नाबरोबर किंवा मातीच्या हातांनी पोटात गेले की लहान आतड्यात अळी बाहेर येते, पण तिथे राहत नाही. ती आतड्याची भिंत भेदून रक्तावाटे यकृतात जाते, तिथून फुफ्फुसात, मग श्वासनलिकेतून वर घशात येते, पुन्हा गिळली जाते आणि जिथून निघाली त्याच लहान आतड्यात परत येऊन मोठी होते. अंडे गिळल्यापासून मादी अंडी घालू लागेपर्यंत माणसात दोन ते तीन महिने जातात.

हा मार्ग प्रथम शोधला तो भारतीय वैद्यकीय सेवेतल्या एका लष्करी डॉक्टरने, फ्रान्सिस ह्यू स्ट्यूअर्टने, १९१६ मध्ये हाँगकाँगमध्ये. त्याने उंदरांना अंडी खायला घातली आणि अळ्या यकृतात व फुफ्फुसात सापडल्या. त्यावरून उंदीर हा या जंताचा मधला यजमान, म्हणजे जंताला वाटेत आसरा देणारा प्राणी, असावा, असे त्याने मानले. ते अनुमान लवकरच खोडले गेले, कारण डुकराला किंवा माणसाला मध्यस्थाची गरजच नसते. पण उत्क्रांतीच्या बाजूने पाहिले तर स्ट्यूअर्टच्या अनुमानात एक धागा होता. या कुळाचे मोठे अभ्यासक जे. एफ. ए. स्प्रेंट यांनी दाखवले की ॲस्कॅरिसच्या कित्येक नातेवाइकांत दोन यजमान लागतात: अळ्या उंदरासारख्या भक्ष्याच्या ऊतींत थांबतात आणि तो उंदीर शिकारी प्राण्याने खाल्ला की त्याच्या आतड्यात प्रौढ होतात. रॅकूनचा बेलिसॅस्कॅरिस आजही असेच करतो. डुक्कर आणि माणूस यांच्या जंतात दोन्ही भूमिका एकाच शरीरात आल्या असाव्यात, आणि यकृत-फुफ्फुसाचा फेरा हा त्या जुन्या व्यवस्थेचा वारसा असावा, असे हे मत आहे. याला दुसरी बाजूही आहे. ऊतींतून प्रवास करणारे सूत्रकृमी तसा प्रवास न करणाऱ्या आपल्या नातेवाइकांपेक्षा मोठे वाढतात, असे १९९५ मध्ये रीड आणि स्कॉर्पिंग यांनी तुलना करून दाखवले. मोठी मादी म्हणजे जास्त अंडी. त्यामुळे हा प्रवास निव्वळ अवशेष म्हणून टिकलेला नसून त्याचा आजही फायदा होत असावा, हे मला अधिक पटते.

अळी यकृत-फुफ्फुसापर्यंत पोहोचणे आणि जंत आतड्यात प्रौढ होऊन प्रजनन करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जातीच्या प्रश्नात हा फरक निर्णायक ठरतो, कारण उंदरातसुद्धा अळी फुफ्फुसापर्यंत जाते, पण म्हणून उंदीर हा ॲस्कॅरिसचा खरा यजमान होत नाही.

माणसावर झालेले प्रयोग आणि एक गुन्हा

१९२२ मध्ये जपानी डॉक्टर शिमेसु कोइनो याने स्वतः माणसाच्या जंताची २००० अंडी गिळली आणि आपल्या धाकट्या भावाला डुकराच्या जंताची ५०० अंडी दिली. काही दिवसांत कोइनो गंभीर आजारी पडला आणि त्याच्या थुंकीत अळ्या सापडल्या. फुफ्फुसाचा टप्पा माणसातही असतो, हे त्यामुळे सिद्ध झाले. आज कोणतीही नैतिकता समिती असा प्रयोग मान्य करणार नाही, आणि ते योग्यच आहे.

१९७० मध्ये कॅनडात मॉन्ट्रियलजवळ घडले ते प्रयोग नव्हते, गुन्हा होता. एका विद्यार्थ्याने आपल्याबरोबर राहणाऱ्या सोबत्यांच्या अन्नात डुकराच्या जंताची असंख्य अंडी मिसळली. चार तरुणांना दमा, फुफ्फुसात सावल्या आणि रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची प्रचंड वाढ अशा अवस्थेत रुग्णालयात दाखल करावे लागले. दोन वर्षांनी त्यांचा वैद्यकीय अहवाल प्रसिद्ध झाला. डुकराचा जंत माणसाला गंभीर आजारी पाडू शकतो, याचा याहून ठळक पुरावा मिळणे कठीण. जपानच्या क्यूशू बेटाच्या दक्षिण भागातही १९९० च्या दशकात इओसिनोफिल वाढलेल्या रुग्णांचा एक समूह डुकराच्या जंताशी जोडला गेला.

पण या सगळ्या घटना एका प्रश्नाचे उत्तर देतात आणि दुसरा तसाच ठेवतात. डुकराची अळी माणसाच्या फुफ्फुसात पोहोचते, हे नक्की. ती नेहमीच्या परिस्थितीत, म्हणजे मुद्दाम मोठी मात्रा न देता, माणसाच्या आतड्यात प्रौढ होऊन माणसाच्याच जंताशी जोडी जमवते का? प्रयोगांतून हे ठरणे शक्य नव्हते. यजमानाच्या पोटातून जंत काढून त्यांचे जनुक तपासण्याचे तंत्र आल्यावरच ते तपासता आले.

ग्वाटेमालाची गावे

१९९३ मध्ये टिमथी अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्वाटेमालात केलेला अभ्यास या प्रकरणाचा कणा आहे. त्यांनी अशी गावे निवडली जिथे माणसे आणि डुकरे एकाच अंगणात वावरत होती आणि दोघांनाही जंताची लागण होती. माणसांना औषध देऊन पडलेले जंत आणि डुकरांतले जंत त्यांनी गोळा केले व दोन्हींच्या डीएनएची तुलना केली. माती एक, पाणी एक, अंडी एकाच अंगणात पडलेली. जंत जर एकाच जातीचा, कुणाच्याही पोटात सहज जाणारा असता, तर दोन्हीकडचे जंत मिसळलेले दिसायला हवे होते. तसे दिसले नाही. माणसांतले जंत एका बाजूला, डुकरांतले दुसऱ्या बाजूला, आणि त्यांच्यात जनुकांची देवाणघेवाण जवळपास नाही, असा निष्कर्ष निघाला.

हा निष्कर्ष हाती येताच अनेकांना प्रकरण मिटले असे वाटले. संधी पुरेपूर असूनही मिसळ होत नाही, याचा अर्थ अडथळा बाहेरच्या वातावरणात नसून यजमानाच्या शरीरात आहे. डुकराच्या शरीरात अशी छाननी चालते हे प्रयोगांतून माहीत आहेच: गिळलेल्या अंड्यांतून आलेल्या बहुतेक अळ्या लागणीनंतर दोन-तीन आठवड्यांत, आतड्यात परतल्यावर, बाहेर फेकल्या जातात आणि थोड्याच टिकतात. इतकी कडक चाळणी असेल तर परक्या जंताला तिथे टिकणे आणखी अवघड जाणार.

पण अँडरसन यांनीच १९९५ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या माणसांत सापडलेले जंत तपासले, तेव्हा ते डुकरांच्या जंतांशी जुळले. पुढे २००५ मध्ये पीटर नाइसुम आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये तेच दाखवले: तिथल्या लोकांना होणारा ॲस्कॅरिस हा डुकरांकडून येतो. प्राणिसंग्रहालयातल्या चिंपँझींना डुकराच्या ॲस्कॅरिसची लागण झाल्याचेही डॅनिश संशोधकांनी सिद्ध केले. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून अशीच नोंद आली, आणि अमेरिकेतल्या मेन राज्यात २०१० ते २०१३ या काळात लहान शेतांवर डुकरे पाळणाऱ्या कुटुंबांतल्या १४ जणांना अशी लागण झाली.

ग्वाटेमालात मिसळ नाही आणि डेन्मार्कमध्ये सगळीच लागण डुकरांची, ही वरवर दिसणारी विसंगती अनेक लेखांत गूढ म्हणून मांडली जाते. मला त्यात गूढ दिसत नाही. डुकराचा जंत माणसात प्रौढ होण्याची शक्यता दोन्ही ठिकाणी सारखीच थोडी आहे, असे धरून चालू. ग्वाटेमालातल्या गावात माणसांच्या जंतांची संख्या इतकी मोठी असते की त्यांत डुकराचे एक-दोन जंत आले तरी नमुन्यात ते हाती लागण्याची शक्यता नगण्य राहते. डेन्मार्कमध्ये सांडपाण्याची व्यवस्था आणि शौचालये यांमुळे माणसाचा जंत नाहीसा झाला आहे, म्हणून जो काही थोडा ॲस्कॅरिस माणसात सापडतो तो शंभर टक्के डुकराचाच असणार. टक्केवारीतला फरक जंताच्या स्वभावातून आलेला नाही, तो छेदातल्या, म्हणजे माणसांतल्या एकूण जंतांच्या, आकड्यामुळे पडला आहे. या विषयावरचा कोणताही अभ्यास वाचताना माणसांतली एकूण लागण किती होती, हे आधी पाहावे आणि मगच डुकरांचा वाटा किती याकडे वळावे.

दोन खुणा, दोन साक्षी

१९९९ मध्ये दोन जंतांच्या रायबोसोम जनुकांमधल्या एका छोट्या टापूत, आयटीएस-१ मध्ये, सहा ठिकाणी डीएनएची अक्षरे वेगळी असल्याचे आढळले. एका विकराने (एन्झाइमने) हा तुकडा कापला की माणसाच्या आणि डुकराच्या जंताचे पट्टे जेलवर वेगळे दिसतात. चाचणी सोपी आणि स्वस्त असल्याने ती जगभर पसरली. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या संपूर्ण जनुकसंचाची तुलना झाली तेव्हा दोघांतला फरक जेमतेम २ टक्के निघाला.

हा आकडा लहान की मोठा, हे चाबूककृमीशी तुलना केल्यावर कळते. माणसातला चाबूककृमी आणि डुकरातला चाबूककृमी हीसुद्धा अशीच एकसारखी दिसणारी जोडी, तेच दोन यजमान, तीच माती. पण तिथे मायटोकॉन्ड्रियाच्या अक्षरांपैकी सुमारे एक तृतीयांश अक्षरे वेगळी आहेत. त्या दोन जाती फार पूर्वी वेगळ्या झाल्या, याविषयी वाद उरत नाही. म्हणजे माणूस आणि डुक्कर एकाच अंगणात राहिले की त्यांचे जंत एक होतात असे नाही, आणि दोघांचे जंत कायम वेगळेच राहतात असेही नाही. प्रत्येक जोडीचा इतिहास वेगळा आहे आणि तो वेगळाच तपासावा लागतो.

ॲस्कॅरिसमध्ये अधिक गुंतागुंतीचे काही तरी दिसू लागले. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात, तर केंद्रकातले डीएनए दोन्ही पालकांकडून. काही जंतांत केंद्रकातली खूण माणसाच्या जंताची, पण मायटोकॉन्ड्रिया डुकराच्या जंतांत नेहमी आढळणाऱ्या गटातले, असे निघाले. याची दोन स्पष्टीकरणे होऊ शकतात. एक, दोन्ही जंतांचा संकर होत असावा. दोन, दोघांच्या समान पूर्वजातच मायटोकॉन्ड्रियाचे अनेक प्रकार होते आणि वेगळे झाल्यावरही ते दोन्हीकडे उरले. यांपैकी कोणते खरे, हे एकाच खुणेवरून ठरत नाही.

२००७ मध्ये क्रिसिओने आणि सहकाऱ्यांनी केंद्रकातल्या अनेक खुणा एकत्र वापरून ग्वाटेमाला आणि चीनमधले जंत तपासले. बहुतेक जंत यजमानाप्रमाणे वेगळे पडले, पण दोन्ही देशांत काही जंत स्पष्ट संकरज निघाले, म्हणजे एक पालक माणसाच्या गटातला आणि दुसरा डुकराच्या. त्यांचे प्रमाण शेकड्यात एक अंकी होते. संकर होतो, हे आता नाकारता येत नव्हते. चीनमध्ये झालेल्या नंतरच्या अभ्यासाने तर डुकराचा जंत हा तिथल्या माणसांच्या लागणीचा महत्त्वाचा स्रोत असल्याचे सांगितले.

डुकराच्या ॲस्कॅरिसचा संपूर्ण जनुकसंच २०११ मध्ये वाचला गेला. त्यात सुमारे २७ कोटी ३० लाख अक्षरे आणि साडेअठरा हजारांच्या आसपास जनुके आहेत. त्याचा आधार घेऊन २०२० मध्ये ईस्टन आणि सहकाऱ्यांनी केनियातल्या खेड्यांत माणसांमधून मिळालेल्या ६८ जंतांचे जनुकसंच वाचले. माणसाच्या पोटातून आलेल्या या जंतांचे केंद्रकीय जनुकसंच डुकराच्या जंताशी अत्यंत जवळचे निघाले आणि त्यांच्या मायटोकॉन्ड्रियांत दोन्ही प्रकार मिसळलेले सापडले. माणसाला लागण करणारा हा एक संकरित जातिसमूह आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. सहा अक्षरांच्या खुणेवर ज्यांनी जंतांची विभागणी केली होती, त्यांना या अभ्यासाने बरेच पुन्हा तपासायला लावले, कारण एका छोट्या टापूवरून अख्ख्या जंताची ओळख ठरवणे संकरांच्या जगात चालत नाही.

कोणाकडून कोणाकडे

जंत डुकराकडून माणसाकडे आला की उलट, हा प्रश्न अनेक वर्षे पशुपालनाशी जोडला जात होता. डुक्कर पाळीव झाले ते साधारण नऊ-दहा हजार वर्षांपूर्वी, आशिया मायनर आणि चीन या दोन्ही भागांत, आणि तेव्हापासून माणसाला त्याचा जंत लागला, अशी सोपी मांडणी होती. फ्रान्समधल्या आर्सी-स्युर-क्यूर इथल्या गुहेतल्या सुमारे ३०,००० वर्षांपूर्वीच्या थरांत ॲस्कॅरिसची अंडी सापडली, तेव्हा ही मांडणी डळमळली. मात्र गुहेतल्या अंड्यांवर फार भार टाकू नये. त्या काळी गुहांत अस्वलेही राहत आणि अस्वलालाही याच कुळातला जंत असतो. शिवाय माणसाने डुक्कर पाळण्यापूर्वी हजारो वर्षे रानडुक्कर मारून, साफ करून खाल्ले आहे, त्यामुळे संपर्कासाठी पाळण्याची वाट पाहण्याची गरजच नव्हती.

माणसाकडून डुकराकडे, हा उलट प्रवासही काही संशोधक मांडतात. आजच्या जनुकीय पुराव्यावरून मला दिसते ते असे की एकच दिशा आणि एकच तारीख शोधणे चुकीचे आहे. ठिकठिकाणी, वेगवेगळ्या काळी, जंत एका यजमानातून दुसऱ्यात गेले, काही काळ वेगळे राहिले आणि पुन्हा मिसळले. जनुकांवरून काढलेल्या वंशावळीत भूगोल आणि यजमान या दोन्हींचे ठसे गुंतलेले आढळतात, ते त्यामुळेच.

नावाचा निवाडा

२०१२ मध्ये लेलेस, गार्डनर, राइनहार्ड, इनिगेझ आणि आराउजो यांनी हे दोन्ही जंत एकाच जातीचे मानावेत अशी स्पष्ट भूमिका घेतली. प्राणिनामकरणाच्या नियमानुसार आधी दिलेले नाव टिकते, त्यामुळे तसे झाले तर १७५८ चे लिनियसचे नाव राहील आणि १७८२ चे ग्योत्सेचे नाव त्याचे समानार्थी म्हणून मागे पडेल.

शरीररचनेत टिकाऊ फरक नाही, गुणसूत्रे सारखी, संकर होतात आणि केनियातल्या पुराव्यावरून पाहता संकरांतून पुढची पिढीही वाढते. हे सगळे पाहता एक जात मानण्याकडे माझा कल आहे. पण ग्वाटेमालाचा पुरावा खोटा ठरलेला नाही. त्या गावांत यजमानाप्रमाणे वेगळे राहिलेले दोन समूह खरोखर आहेत आणि त्यांना एकच नाव दिल्याने ती वस्तुस्थिती पुसली जाऊ नये. म्हणून नमुना नोंदवताना जातीच्या नावापुढे यजमान, गाव आणि वापरलेली जनुकीय खूण या तिन्ही गोष्टी लिहिल्या पाहिजेत. ‘ॲस्कॅरिस सुउम, माणूस’ असे एवढेच लिहिलेला नमुना पुढच्या संशोधकाला फारसा उपयोगी पडत नाही, कारण ते नाव यजमानावरून दिले की डीएनएवरून, हेच त्याला कळत नाही.

आपल्याकडची बाजू

भारतात फेब्रुवारी २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि १ ते १९ वयाच्या मुलांना शाळा व अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी दिली जाते, दोन वर्षांखालच्या बाळांना त्याच्या निम्मी. महाराष्ट्र आणि गोव्यातही हा कार्यक्रम चालतो. गोळी आतड्यातले जंत मारते, मातीतल्या अंड्यांना तिचा काही उपद्रव होत नाही, आणि ही अंडी ओलसर सावलीच्या जागी वर्षानुवर्षे जिवंत राहू शकतात. त्यामुळे अंडी कुठून येतात, याची चौकशी गोळीइतकीच महत्त्वाची ठरते.

गोव्यात घराच्या मागे डुकरांनी साफ करायचे संडास अलीकडच्या काळापर्यंत होते. तिथे डुक्कर माणसाची विष्ठा ताजी असतानाच खात असे. ताज्या अंड्यात अळी तयार झालेली नसते, म्हणून अशा अंड्यातून डुकराला लागण होत नाही. ते अंडे डुकराच्या पोटातून जसेच्या तसे बाहेर पडते आणि मग दूरच्या मातीत पिकते. आसाममधल्या चहामळ्यांच्या वस्तीत रेबेका ट्राउब आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये कुत्र्यांबाबत हेच दाखवले: कुत्र्यांच्या विष्ठेत सापडलेली ॲस्कॅरिसची अंडी माणसाच्या जंताची होती, कारण कुत्रे माणसाची विष्ठा खात आणि अंडी लांबवर नेऊन टाकत. डुकराच्या विष्ठेत ॲस्कॅरिसची अंडी दिसली, म्हणून डुक्कर हा माणसाच्या लागणीचा स्रोत आहे असे ठरवणारा अहवाल म्हणूनच अपुरा असतो.

जिथे मोकाट किंवा अंगणात पाळलेली डुकरे आहेत आणि जंतनाशक दिनानंतरही मुलांत लागण परत परत दिसते, अशा गावात तपास करायचा तर विष्ठेतली अंडी मोजून भागणार नाही. गोळी घेतल्यानंतर मुलांच्या विष्ठेतून पडलेले प्रौढ जंत आणि कापलेल्या डुकरांच्या आतड्यातले प्रौढ जंत, दोन्ही अल्कोहोलमध्ये जपून ठेवावेत, आणि केंद्रकातल्या अनेक खुणा व मायटोकॉन्ड्रिया दोन्ही तपासावेत. मुलांतल्या जंतांत डुकराच्या गटातले किंवा संकरज जंत निघाले, तर त्या गावात डुकरांना जंतनाशक देणे आणि त्यांना बांधून पाळणे हे मुलांच्या गोळीइतकेच आवश्यक ठरते. तसे काही निघाले नाही, तर तो पैसा संडास आणि पिण्याच्या पाण्यावर लावावा.